एका गावातले दोन भूकंप

शरयूची सुपारी फुटली त्याच संध्याकाळी भूकंप झाला, यात तिची काहीच चूक नव्हती. पण लष्कर भागातल्या सरोजिनीबाईंच्या घरी लोणच्याच्या बरण्या फुटल्या, देवघराची भिंत तडकली, आणि तिसऱ्याच दिवशी त्या आपल्या मुलाला, श्रीपादला, घेऊन किला गेटजवळच्या शरयूच्या घरी येऊन बसल्या.

साल छप्पन्न. मध्यभारत मोडून नवं राज्य होणार होतं, कचेऱ्यांची बोचकी भोपाळला निघाली होती आणि श्रीपादची बदलीही तिकडेच. तुळशीचं लग्न लागलं की शरयूचं, आणि मग दोघं भोपाळला, असा बेत होता. श्रीपाद तिला आवडला होता. लाजतबिजत नाही, चांगला आवडला होता.

"मुलीचा पायगुण दिसला," सरोजिनीबाई म्हणाल्या. "रागावू नका, पण हे लग्न राहू द्या."

शरयूचे वडील, माधवराव, उसळलेच. "भूकंप? कसला भूकंप! आमच्याकडे तांब्यातलं पाणी हललं नाही. बिल्कुल नाही!"

"म्हणजे मी झूठ बोलते?"

लग्न वाचवायला निघालेल्या वडिलांनी त्याचे पुरते बारा वाजवले. शरयूला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. श्रीपाद आढ्याकडे बघत होता, म्हणजे त्याचा काही उपयोग नव्हता.

"काकू, तुमच्या विहिरीला पाणी किती हातांवर?" तिने विचारलं.

"चार. पावसाळ्यात तर वाकलं की कळशी भरते. पूर्वी तिथे तळंच होतं. आमच्या सासऱ्यांनी बुजवून घर बांधलं."

"आमच्या विहिरीला सुरुंग लावावे लागले. दोन हातांवर खडक."

ती स्वयंपाकघरातून घट्ट लागलेल्या दह्याची वाटी आणि दगडी खल घेऊन आली. दोन्ही एकाच पाटावर ठेवले आणि पाटाच्या कडेला बत्त्याने ठोका दिला. दही कितीतरी वेळ थरथरत राहिलं. खल ढिम्म.

"धक्का एकच, काकू. आम्ही पहाडावर बसलोय, म्हणून बाबांना कळलं नाही. तुम्ही भरावावर. बरण्या तळ्याने फोडल्या. माझं पाऊल तर अजून तुमच्या घरात पडलंच नाही!"

माधवराव खाकरले. "झाला असेल भूकंप, विहीणबाई."

"असेल नाही, झाला!" सरोजिनीबाईंनी बत्ता उचलून स्वतः एक ठोका देऊन बघितला. मग आणखी एक. दही हलायचं थांबेपर्यंत त्या बघत राहिल्या, आणि मग लेकाकडे वळल्या.

"भोपाळला घर ठरवून आलास ना? कुठे आहे?"

"तळ्याकाठी, आई. नवा भराव घातलाय, त्यावर. हवा फार छान येते."

सरोजिनीबाईंनी वाटीतलं चमचाभर दही काढून शरयूच्या तळहातावर घातलं.

"घर तू बघ," त्या म्हणाल्या. "याला विचारू नकोस."