बादशहाची खबर

रेवणसिद्धप्पाने आपल्या पोरीला, मल्लव्वाला, सहलीला पाठवायचं कबूल केलं, पण दोन अटी घालून. तिची आत्या गुरुबाई सोबत जाईल, ही एक. आणि पोरगी दिवेलागणीच्या गाडीने कमलनगरच्या स्टेशनावर उतरली पाहिजे, ही दुसरी.

"न्हाई उतरली, तर तिची शाळा बंद," तो चन्नबसप्पा मास्तरांना म्हणाला. "मंग माज्या दारात येऊन मला शिकवत बसायचं न्हाई."

"उतरंल," मास्तर म्हणाले.

मास्तर जास्त बोलत नसत. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून चाले, म्हणून ते मारुतीच्या देवळात मराठी शिकवीत. गावातल्या पोरांना आपली भाषा लिहिता यावी, एवढाच त्यांचा हट्ट. मुलगा चुकला तर ते पुन्हा सांगत, परत चुकला तर दुसऱ्या तऱ्हेने सांगत. त्यांनी कुणाला मारलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मल्लव्वा त्या शाळेत आलेली पहिली मुलगी. ती येते म्हणून आणखी दोघीजणी यायला लागल्या होत्या. तिचं येणं बंद झालं असतं तर त्यांचंही झालं असतं. मास्तरांना हे ठाऊक होतं, म्हणून दिवसभर त्यांचं अर्धं लक्ष उन्हाकडे होतं.

सकाळची गाडी बीदरला पोचली तशी मास्तर मुलांना आधी मदरशाकडे घेऊन गेले. उंच मिनार, त्यावर निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे, आणि अर्धी बाजू ढासळलेली.

"ही शाळा," मास्तर म्हणाले. "साडेचारशे वर्षांमागची. लांबलांबच्या देशांतनं मुलं इथं शिकायला यायची."

"अन् ही बाजू कुणी पाडली?" एका पोराने विचारलं.

"आत दारू साठवली होती, बंदुकीची. ती उडाली."

"शाळंत दारू कामून ठेवायची?" गुरुबाईने विचारलं.

"ज्यांना शाळेचं काम नसतं, ते ठेवतात."

मल्लव्वा मान वर करून मिनाराकडे बघत होती. "मास्तर, हितं पोरी यायच्या का?"

"न्हाई. तू आलीस की आज."

मग किल्ला. मुलं लांबलचक तोफेवर घोड्यासारखी बसली. रंगीन महालात काळ्या दगडात बसवलेला शिंपला चमकताना पाहून एकाने नखाने उकरून पाहिला, तर गुरुबाईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "तुज्या बापानं बसवलाय व्हय रे?" मास्तरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

नंतर नरसिंह झरणी. डोंगराच्या पोटात बोगदा, त्यात मुलांच्या छातीपर्यंत पाणी, वर वटवाघळांची फडफड आणि अगदी शेवटी दगडात नरसिंह. लहानांना मास्तरांनी आळीपाळीने खांद्यावर घेतलं. मल्लव्वाने खांद्यावर बसायला नकार दिला. तोंड वर धरून ती पूर्ण वाट चालली आणि बाहेर आली तेव्हा थंडीने तिचे दात वाजत होते, पण ती हसत होती. झाडाखाली सगळ्यांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आता एकच ठिकाण राहिलं होतं, अष्टूरचे घुमट.

"तिथं मोठ्या बादशहाची खबर आहे," मास्तरांनी सांगितलं. "तो मेला तेव्हा त्यावर घुमट बांधला. आत सोन्याच्या शाईने रंगवलंय."

आता हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं एका अक्षरावरून झालं. मूळ शब्द कबर. उर्दूत त्यातला क घशाच्या अगदी तळातून काढतात. तो क आमच्या भागात कुणाच्याच घशातून निघत नाही, हिंदूच्या नाही आणि मुसलमानाच्याही नाही. त्याचा ख होतो. वक्तचा वखत झाला तो असाच. काझीला इथे खाझी म्हणतात, आणि कबरीला खबर. बातमीलाही खबरच म्हणतात. पण त्यात घोटाळा होत नाही. माणूस मेलेला असला तर पुरायची खबर, जिवंत असला तर सांगायची.

घोटाळा व्हायला बाहेरचा माणूस लागतो.

अष्टूरच्या वाटेवर, शहराच्या दरवाज्याशी पोलिसांची चौकी होती. ते सत्याग्रहाचे दिवस होते. इंग्रजी मुलखातून सत्याग्रही येत, धरले जात, आणि त्यांचे निरोप इकडून तिकडे नेणाऱ्यांवर सरकारचा डोळा असे. चौकीवर उत्तरेकडून नुकताच आलेला एक जमादार बसला होता. इथली दखनी उर्दू कानावर पडली की त्याच्या तोंडाची चव जायची, आणि ते तो लपवत नसे.

मल्लव्वा पुढे पळत गेली आणि तिने त्यालाच विचारलं, "मामू, बादशा की खबर किधर है?"

जमादाराने पान चघळायचं थांबवलं. "किस बादशाह की?"

"जो मर गया ना, उसकी."

त्या काळात बादशहा म्हटलं की लोकांना एकच ठाऊक होता. तो हैदराबादेत होता आणि ठणठणीत होता. जमादार उठून उभा राहिला.

"बादशाह मर गया? तुझसे किसने कहा?"

"मास्तर बोले," मल्लव्वाने अभिमानाने मागे बोट दाखवलं. "सबकू बोले. अब्बी सब मिलके खबर देखने जारईं."

पुढच्याच क्षणी सगळी मुलं चौकीच्या भिंतीशी रांगेत उभी होती. जमादाराने गुरुबाईच्या हातातलं गाठोडं काठीने उघडलं. नारळ निघाला.

"ये किसके लिए?"

"अल्लमप्रभूला."

"वो कौन?"

"तोच की, बादशा." गुरुबाईला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. अष्टूरच्या त्या बादशहाला मुसलमान वली, म्हणजे संत, म्हणतात आणि आमचे लिंगायत अल्लमप्रभू म्हणतात. उरूस एकच.

"अभी तो बोले मर गया!"

"प्रभू मरत असतोय व्हय?" गुरुबाई म्हणाली. "काईबी बोलायलाय ह्यो मानूस."

चौकीतला मस्तान नावाचा शिपाई इथलाच होता. त्याला राहवलं नाही. "साब, गलती हो रई. बच्ची खबर नै बोल रई. खबर बोल रई."

जमादाराने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"खबर नै, साब," मस्तानने हाताने जमीन खणून दाखवली. "खबर!"

दरवाज्याशी उभे असलेले टांगेवाले हसायला लागले. तेव्हा चन्नबसप्पा मास्तर पुढे झाले. खाली बसून त्यांनी बोटाने धुळीत उर्दूतलं एक अक्षर काढलं. वाटोळं डोकं, खाली बाकदार पोट, डोक्यावर दोन टिंबं.

"काफ, साहेब. या अक्षराची कबर. आमच्याकडे तिला खबर म्हणतात. मुलांना अष्टूरचा घुमट दाखवायचाय, एवढंच. आमची गाडी आहे."

जमादाराला कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तिथेच संपायला हवं होतं. पण टांगेवाल्यांतला एकजण म्हणाला, "साब, वो बादशा मरके कित्ते बरसां हो गए, तुमकू खबर आज मिली क्या?" आणि सगळे मोठ्याने हसले. हसणाऱ्यांना जमादार काही करू शकत नव्हता. भिंतीशी उभ्या असलेल्यांना करू शकत होता.

"उस्ताद हो ना?" तो मास्तरांना म्हणाला. "तो सिखाओ. एक-एक बच्चा ठीक से बोलेगा, गले से. फिर जाना."

मास्तरांनी उन्हाकडे पाहिलं. अष्टूर तर गेलंच होतं. गाडी तरी मिळायला हवी होती. ते मुलांकडे वळून शांतपणे म्हणाले, "म्हणा रे. कबर."

पहिला म्हणाला, कबर. जमादाराने मान हलवली, गले से. मुलगा घसा खरवडून पुन्हा म्हणाला, त्याला ठसका लागला. जमादार हसला. दुसऱ्याला उमासा आला. तिसरा रडायलाच लागला, तरी त्याच्याकडून म्हणवून घेतलं. मास्तर प्रत्येकाजवळ जाऊन हळूच सांगत होते, जीभ मागे घे, घाबरू नको. आयुष्यभर ज्या आवाजात त्यांनी पाढे शिकवले, त्याच आवाजात ते सांगत होते, आणि गुरुबाईला तो आवाज ऐकवेना.

"मास्तर, त्याच्या थोबाडावर धोंडा घाला की. ह्ये काय चालवलंय तुमी?"

"गाडी आहे, बाई."

मल्लव्वाची पाळी आली. तिने डोळे मिटले, सगळा जीव घशात आणला आणि म्हणाली, "खबर."

"फिर."

"खबर."

"कान पकड. उठ-बैठ. जब तक ज़बान सीधी न हो."

तिने कान धरले. झरणीत भिजलेला परकर अजून वाळला नव्हता, तो पायांना चिकटत होता. ती उठत होती, बसत होती, आणि प्रत्येक वेळी खबरच म्हणत होती. टांगेवाले आता हसत नव्हते. ती मधेच थांबली आणि मास्तरांकडे वळली.

"मास्तर, तुमीच सांगितलं न्हवं, खबर म्हनून? मंग ते चूक हाय का?"

मास्तरांची मान हळूहळू लाल होत गेली, कानांपर्यंत. ते तिच्यापुढे जाऊन बसले.

"चूक न्हाई," ते म्हणाले. "मीच सांगितलं आणि ते बरोबर हाय. कान सोड."

"मैंने छोड़ने को नहीं कहा," जमादार म्हणाला.

मास्तरांनी आपल्या हातांनी तिचे हात कानांवरून काढले. मग उभे राहिले. त्यांचा आवाज इतका चढला की मुलं मागे सरली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"माझ्या शाळेत कुणी कान धरत न्हाई! तुम्हाला समजलं होतं. अक्षर काढून दाखवलं तेव्हाच समजलं होतं. लोक हसले म्हणून तुम्ही लेकराला रडवता? शिकवायचं म्हणता? शिकवणं म्हणजे काय ते तुमच्या बापजाद्यांनी तरी ऐकलंय का? आमचा वखत झालाय गाडीचा. वखत! हाही शब्द तुमच्याच भाषेतनं आलाय. आता आमचा आहे. आमच्या तोंडाला जसा येतो तसा आम्ही वापरणार, आणि तुम्हाला विचारणार न्हाई!"

जमादार आधी गोंधळला. मग त्याने मास्तरांची मानगूट धरली. सरकारी कामात अडथळा, उद्या साहेबांपुढे उभं करतो, वगैरे. मास्तरांनी झटका देऊन मान सोडवून घेतली आणि आपल्याच पायांनी कोठडीकडे गेले. दारातून ते गुरुबाईला म्हणाले, "पोरांना घेऊन स्टेशन गाठा. आत्ताच्या आत्ता."

"मी ह्याला दोन शब्द बोलून मंग—"

"बाई, गाडी!"

टांगेवाल्यांनी मुलांना उचलून टांग्यांत घातलं आणि घोडे असे पिटाळले की स्टेशनावर शिट्टी व्हायच्या आधी सगळी फलाटावर होती. गाडीत मल्लव्वा खिडकीशी बसली होती आणि ओठांतल्या ओठांत तो क काढून पाहत होती. मग तिने ते सोडून दिलं आणि खिडकीवर मूठ आपटली.

कमलनगरला दिवे लागत होते. पोरांचे बाप फलाटावर उभे होते. रेवणसिद्धप्पा सगळ्यांच्या पुढे.

"आली ग येळेवर," तो म्हणाला. मग त्याने डब्याच्या दाराकडे पाहिलं. "मास्तर कुटं हाईत?"

गुरुबाईने सांगितलं. मधेमधे तिचा आवाज रागाने फाटत होता. "तुजी अट मास्तरांनी पाळली," ती शेवटी म्हणाली. "सोता कोठडीत बसून पाळली."

रेवणसिद्धप्पाने मल्लव्वाची हनुवटी धरून तिचं तोंड दिव्याकडे वळवलं. तिचे कान अजून लाल होते.

"उद्या शाळा न्हाई," तो म्हणाला.

मल्लव्वा चौकीत रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अप्पा, आमी तर येळेवर आलो!"

"रडायलीस कामून?" तो तिच्यावरच ओरडला. "मास्तर न्हाईत तर शाळा कोन घेनार, मी? उद्या सकाळच्या गाडीनं बीदरला जायचं. ह्या समद्या पोरांच्या बापांनी. मास्तर सुटल्यावर शाळा."

हावगेप्पाचं पोर ठसका लागून सगळ्यांत जास्त खोकत होतं, तरी हावगेप्पा कचरला. "पर अण्णा, जमादारापुढं जाऊन बोलायचं काय? आपल्याला उर्दू तरी धड येतीया का?"

"न्हाई येत. मंग?" रेवणसिद्धप्पा म्हणाला. "जशी येती तशी बोलू. सांज होस्तोवर बोलू. आन् धरलं तर समद्यांनाच धरू दे, त्येची कोठडी केवडी हाय ते तरी बघू."

हावगेप्पाने पोराला कडेवर घेतलं. पोर पुन्हा खोकलं. "येतो," तो म्हणाला.

"मीबी येते," गुरुबाई पदर कमरेला खोचत म्हणाली, जणू गाडी आत्ताच सुटणार होती. "मला मास्तरांनी बोलू दिलं न्हाई."