भिंतीवर काय लिहिलंय

रूथने चमचा पुन्हा ओठांना टेकवला. मोझेस किहीमकरांनी तोंड घट्ट मिटलं आणि मान भिंतीकडे फिरवली. पाणी हनुवटीवरून ओघळून उशीवर गेलं.

"पप्पा, एक घोट. फक्त एक."

"आधी तिला दे," ते म्हणाले.

झालं, परत तेच. दोन दिवस हाच जप चालला होता आणि लंडनच्या एजवेअर भागातल्या त्या केअर होममध्ये सगळ्यांनी हात टेकले होते. उद्या म्हाताऱ्याला शंभर वर्षं पुरी होणार, आणि सकाळीच डॉक्टरीणबाई रूथला बाजूला घेऊन सांगून गेल्या होत्या, की ड्रिपसाठी हॉस्पिटलात हलवणं त्यांना सोसायचं नाही, आणि पाण्यावाचून आता फार दिवस निघणार नाहीत. रूथ अडुसष्टची, स्वतः आजी झालेली बाई. पण कॉरिडॉरमध्ये जाऊन लहान पोरीसारखी रडली.

'तिला' म्हणजे कुणाला, हेच तर कळत नव्हतं. तीस वर्षं लंडनची बस चालवलेल्या माणसाच्या डोक्यातून इंग्रजी वर्षभरापूर्वीच उडून गेलं होतं. नजर त्याआधीच गेलेली. आता उरलं होतं ते मराठी, आणि रूथ तर तीन वर्षांची असताना मुंबई सोडून आलेली. 'पाणी', 'जेवण', 'गप्प बस' अशा रोजच्या चार शब्दांपुढे तिचं मराठी सरकत नसे. शेवटी ती आपल्या घराशेजारी राहणाऱ्या अनुपच्या दारात जाऊन उभी राहिली. पुण्याचा मुलगा, बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा. एकमेकांची पार्सलं घेऊन ठेवण्यापुरती ओळख. तिचं निम्मं सांगून होईतो तो बूट चढवत होता.

अनुप दुपारभर पलंगाशी खुर्ची ओढून बसला. आधी तो 'हो आजोबा, बरं आजोबा' करत हसत होता. मग त्याचं हसू गेलं. बाहेर बागेत येऊन त्याने जे सांगितलं, ते ऐकताना रूथने बाकाची कड धरून ठेवली.

एकोणीसशे पंचेचाळीस. जपान हरलं, लढाई संपली, आता घरी जायचं म्हणून पलटणीतल्या पोरांनी ट्रंका बांधल्या होत्या. बोट मात्र लागली जावा बेटावर, सुराबायाला. तिथे पिढ्यान् पिढ्या डचांचं राज्य. जपान्यांनी त्यांना हाकललं, जपानीही हरले, तेव्हा तिथल्या लोकांनी आपण स्वतंत्र झालो असं जाहीर करून टाकलं. पण जुन्या मालकाला परत यायचं होतं, आणि त्याची वाट झाडून द्यायला इंग्रजाने आणलं कुणाला, तर सातारा-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांच्या पोरांना! ज्यांना स्वतःच्या घरी स्वातंत्र्य नव्हतं, ते दुसऱ्याचं मोडायला निघाले. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच.

तुकडीत इंग्रजी वाचणारा एकटा मोझेस. पोरांची घरून आलेली पत्रंही तोच वाचून दाखवायचा, आणि कुणाची आई गेली असली तर तेवढं गाळायचा. एका गल्लीत भिंतभर इंग्रजीत लिहिलेलं होतं, मुद्दाम या हिंदी शिपायांसाठी. पोरं थांबली. काय लिहिलंय रे, मोझेस?

लिहिलं होतं: 'भाऊ, तुम्हाला पाहिजे तेच आम्हाला पाहिजे. आमच्यावर गोळी झाडू नका.'

मोझेस एकोणीस वर्षांचा होता. खरं वाचलं तर पोरं बंदुका खाली ठेवतील, आणि साहेब आपल्या सगळ्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घालेल, या भीतीने त्याचं पाणी पाणी झालं. त्याने वाचलं, 'पुढे आलात तर एकही जिवंत जाणार नाही.' तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि पोरांनी एकदम बार काढले. दारात कोसळली ती एक बाई होती. तिच्या हातात पाण्याचं भांडं होतं. तहानलेल्यांना पाणी द्यायला आली होती.

रूथला घरचं टेबल आठवलं. पप्पा रोज जेवणाआधी पाण्याचा एक पेला भरून खिडकीत ठेवायचे. सगळ्यांना वाटायचं, तो एलियाहू नबीचा. कोकणातल्या आपल्या बेने इस्राएल ज्यूंचीच कुठलीतरी रीत असणार. तिने ती आपल्या घरीही चालवली, मुलालाही लावली. साठ वर्षांत कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

भिंतीवरचं ते वाक्य तिने अनुपकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, पाठ होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने शंभरी गाठणाऱ्यांना इंग्लंडचा राजा पाठवतो ते शुभेच्छांचं कार्ड आणून दिलं. रूथने ते वडिलांच्या हातात ठेवलं. अनुपही आला होता; ते बोलतील ते तो तिच्या कानात इंग्रजीत सांगत होता. कोरड्या बोटांनी ते बराच वेळ कार्ड चाचपत राहिले.

"काय लिहिलंय भिंतीवर?" त्यांनी विचारलं.

पाठ केलेलं वाक्य तिने म्हटलं नाही. मरणाऱ्या माणसाला ते कसं ऐकवायचं?

"लिहिलंय... तुमचा चूक नाही, पप्पा. सगळा माफ आहे."

मोझेसनी नकारार्थी मान हलवली.

"असं नाही लिहिलेलं. मी वाचलंय. नीट वाच."

रूथने कार्ड हातात घेतलं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्हाला पाहिजे तेच आम्हाला पाहिजे. आमच्यावर गोळी झाडू नका."

"मोठ्याने. पोरांना ऐकू जाऊ दे."

ती उठून उभी राहिली आणि सगळं बळ एकवटून पुन्हा वाचलं. कॉरिडॉरमध्ये चहाची ट्रॉली जागीच थांबली. मोझेसनी पलंगाची दांडी आवळून धरली आणि कान दिले. गोळीचा आवाज आला नाही. मग ट्रॉली पुढे सरकली, कप किणकिणले.

"कुणी झाडली?"

"नाही, पप्पा. कुणीच नाही."

"मग तिचं पाणी?"

रूथने पेला भरला आणि खिडकीत ठेवला. खिडकीच्या कट्ट्यावर काच टेकल्याचा आवाज त्यांनी ऐकला. मग त्यांनी तोंड उघडलं.