काळ्या शेतातला वाळा

मित्रांनो, मी वाळ्याचा एक जुना ठोंब आहे. तुमच्याकडे माझ्या मुळ्या पाण्याच्या माठात घालतात. मला मात्र तेलात रुजावं लागलं.

नायजेरियात, नायजर नदीच्या मुखाशी, ओगोनी लोकांच्या एका गावात तेलाची पाइपलाइन फुटली आणि पेटली. त्या आगीत गावातला शेतकरी लेबारी गेला. जळालेल्यांना एकाच खड्ड्यात पुरलं, कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं. सांडलेलं तेल चोरायला गेला म्हणून मेला, असं गाव म्हणालं. त्याचा धाकटा भाऊ दुमले, त्यानेही ते खरं मानलं. लेबारीची बायको बारिलीरा वाळ्याचं रोप घेऊन आली. माती सुधारावी म्हणून तिने मला त्यांच्या तेलाने काळ्या पडलेल्या शेतात लावलं.

"वहिनी, गवत तेल खातं? मग उद्या तुमच्या शेळ्या रॉकेल देतील," दुमले म्हणाला.

"देऊ देत. तुम्ही बाटली घेऊन या, भावोजी."

खरं तर मी तेल खात नाही. माझ्या मुळ्यांभोवती डोळ्यांना न दिसणारे जीव जमतात, ते त्याचा हळूहळू फडशा पाडतात. मी त्यांना फक्त आसरा देतो. पण सुरुवातीला तिथे कोणीच नव्हतं. गांडूळ नाही, मुंगी नाही. कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, मेलेल्या मुळांमधून मी एकटाच खाली जात होतो. वर बारिलीरा नवऱ्याशी बोलायची आणि उत्तरासाठी थांबायची.

काही वर्षांनी वरची माती तपकिरी झाली. दुमले फावडं घेऊन आला.

"झालं की आता. कसावा लावू. पोरांनी विकतचं किती दिवस खायचं?"

ती नको नको म्हणत असताना त्याने मला उपटलं. माझ्या मुळ्यांच्या जाळ्यात कुदळीचं पातं अडकलं होतं. दांड्याचा कोळसा झाला होता, पण त्याच्याभोवतीची तार शाबूत होती.

"ही त्यांची," बारिलीरा म्हणाली. "ही तांब्याची तार त्यांनीच गुंडाळली होती."

दुमले खाली बसला. "म्हणजे दादा इथे होता? शेतात?"

"कसावा काढायला गेले होते. तुम्ही कधी विचारलंच नाहीत, भावोजी."

मला उपटल्यावर पडलेल्या खड्ड्यात काळं पाणी वर येऊ लागलं. दुमलेने मला परत त्यात बसवलं आणि हातांनी माती दाबत राहिला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले.

मित्रांनो, वरून बरी दिसणारी माती बरी झालेली असतेच असं नाही. तिला वेळ द्या. त्या आगीत गेलेली माणसंही या मातीत आहेत. मी मुळ्यांनी त्यांना चाचपत, हळूहळू खाली जातो आहे.