दहा फूट आठ इंच

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बास्केटबॉलची. खाडीच्या बांधाला लागून आमच्या गावचं मैदान आहे, तिथे एका लोखंडी खांबावर मी वीस वर्षं टांगलेली आहे. खारा वारा खाऊन माझी सालपटं निघाली आहेत. तुम्ही मला बघून म्हणाल, या गंजकीचं काय ऐकायचं? पण ऐका. माझ्यामुळे एका पोरीच्या हातचा खेळ जाता जाता राहिला, आणि तो जाताना मला दिसत होता.

माझा जन्म पेणच्या एका गॅरेजात झाला. भंगारात निघालेल्या ट्रकची जाड सळई होते मी. धर्माने विनेश वेल्डरकडून मला गोल वळवून घेतलं. धर्मा उरणच्या बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा, त्याची बायको सोनूबाई लहानपणापासून मिठागरावर राबलेली. त्यांची मुलगी हेमाली तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेत खेळ बघून आली आणि घरी कोंबड्यांच्या डालग्यात चेंडू टाकायला लागली. कोंबड्यांनी अंडी द्यायची बंद केली, तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

धर्मा मापाला कडक. पुलाखालून ट्रेलर काढणाऱ्याला इंचाची किंमत कळते. त्याने मुरूम लागेपर्यंत खोल खड्डा खणला, खांब रोवला, बुंध्याशी सिमेंटचा चौकोनी थर जमिनीबरोबर सपाट घातला आणि टेप लावून मला नियमाप्रमाणे बरोबर दहा फुटांवर बसवलं. "माझे मापान खोट नाय," असं त्याने जमलेल्या सगळ्यांना ऐकवलं. त्या दिवशी खरोखरच नव्हती.

पण मैदान म्हणजे बुजवलेलं जुनं मिठागर, आणि आमची माणसं मिठागराची. पाऊस सरला की मिठाचे वाफे पायांनी तुडवून घट्ट करायचे, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मग मैदान तरी कसं सोडतील? दर दिवाळीआधी एका सकाळी घरटी एक माणूस यायचं. पाणी शिंपडायचं, खांद्याला खांदा लावून ओळ धरायची आणि गाणी म्हणत सगळं मैदान तुडवून काढायचं. असं टणक व्हायचं की चेंडू नुसता नाचायचा. मला ती सकाळ फार आवडायची. पण त्यापायी दर वर्षी जमीन बोटभर खाली जायची, आणि माझा खांब मुरमावर, तो ढिम्म. कोणी मला वर चढवलं नाही, तरी मी उंच होत गेले.

हे फक्त मला कळत होतं. लोखंडाला बोलता येत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा मला बोचलं.

हेमाली माझ्याबरोबर वाढत होती, त्यामुळे तिला काही जाणवलं नाही. वीस वर्षांची होईपर्यंत ती लांबून डोळे झाकून माझ्यात चेंडू टाकायची. सामन्यांत मात्र ती वाऱ्यासारखी आत घुसून जवळून बास्केट करायची, त्यामुळे झाकली मूठ राहिली. सोनूबाई रोज संध्याकाळी पाण्याची बाटली घेऊन खांबाच्या बुंध्याशी त्या सिमेंटवर येऊन बसायची. मी वरून बघायचे आणि मनात म्हणायचे, बाई, बसलीस कशावर ते जरा बघ.

मग मुंबईच्या एका व्यावसायिक संघाने हेमालीला निवड चाचणीला बोलावलं. पूर्ण मोसमाचा करार होता. गावातून असं कोणी गेलं नव्हतं. ती गेली आणि संध्याकाळी मान खाली घालून परत आली. माझ्याखाली उभी राहून तिने आईबापाला सांगितलं, "तिथल्या प्रशिक्षक नूतन मॅडम म्हणाल्या, धाव झकास आहे. पण लांबून मारलेला प्रत्येक चेंडू रिंगच्या वरून जातोय. तीन आठवड्यांनी परत या. तेव्हाही असंच झालं तर जागा दुसरीला."

"घाबरलीस तू," धर्मा म्हणाला. "हितं तर शंभरातले नव्वद टाकतंस. हात तेच, रिंग तीच मापाची. रोज पाचशे टाक."

रोज पाचशे. मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून माझे बोल्ट सैल होतात. पहाटे येऊन ती टाकायला लागायची, आणि चेंडू माझ्यातून सळसळत खाली जायचा. धर्मा मोजायचा, मान डोलवायचा. इथे जितकं अचूक, तितकं तिथे चुकीचं. माझ्यात पडलेला एकेक चेंडू तिला त्या संघापासून लांब ढकलत होता. मी थरथरून, वाकडी होऊन तो बाहेर उडवायचा प्रयत्न केला. पण हाताला इतकी सवय झालेली, ती चुकेल कशाला? आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, पोरी, चुक गं एकदा.

दोन आठवडे होत आले. तेराव्या दिवशी हेमालीने चेंडू खाली टाकला. "बाबा, माझ्या हातातच काहीतरी खोट हाय. मी नाही जात परत." धर्माचा चेहरा पडला. पण त्याच्याजवळ एकच उत्तर होतं, "अजून टाक."

सोनूबाई पोरीजवळ जायला उठली. उठताना तिने हात टेकला तो सिमेंटच्या कडेवर. ती तशीच थांबली. मग पुन्हा बसली, पुन्हा उठली. धर्माला वाटलं, हिची कंबर धरली.

"अवं," ती म्हणाली, "तुमी हा थर घातला तवा जमिनीला लागून व्हता. मना आठवतंय, रातच्याला मी याच्यावरून सरळ चालत जायची. मग आता मी याच्यावं बसतंय कशी?"

हेमालीने माझ्याकडे वर बघितलं. अकरा वर्षांत तिने असं कधीच बघितलं नव्हतं.

धर्मा घरी गेला आणि टेप घेऊन आला. शिडी लावली. वरचं टोक त्याने माझ्या कडेला धरलं, खालचं हेमालीने जमिनीला टेकवलं. "किती?" त्याने विचारलं. तिने दोनदा बघितलं. "दहा फूट आठ इंच."

धर्माने शिडीवरून वाकून आकडा स्वतः वाचला. मग खाली उतरून तो पोरीला म्हणाला, "तुज्या हातान काय नाय. मी पुन्यांदा मापलाच नाय." एवढं बोलून तो विनेशला आणायला निघाला.

विनेशने मला कापलं आणि आठ इंच खाली जोडलं. दुखलं मला, खोटं कशाला बोलू. आठ दिवस उरले होते. पहिले दोन दिवस एकही लांबचा चेंडू आत गेला नाही, सगळे वरून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक माझ्या मागच्या कडेला लागून आत पडला. तो धरूनच ठेवावा, असं मला वाटलं. मग दुसरा पडला.

चाचणीला सोनूबाई गेली. धर्मा गेला नाही, कोणत्या तोंडाने जाऊ म्हणाला. फोन हातात घेऊन तो त्या सिमेंटवर बसून राहिला. दुपारची भरती बांधाला लागली, ओसरायला लागली, तरी फोन वाजला नाही. त्याने टेप उघडायचा आणि मिटायचा चाळा लावला होता. ऊन उतरलं तेव्हा फोन वाजला. सोनूबाईला रडू फुटलं होतं, तिला बोलवेना. शेवटी हेमालीचाच आवाज आला, "बाबा, घेतलं."

त्यानंतर नऊ मोसम ती खेळली. दर दिवाळीला, मैदान तुडवून झालं की, धर्मा शिडी धरायचा, ती मला मापायची आणि वाढ निघाली की विनेश मला खाली घ्यायचा. गेल्या दोन दिवाळ्या मात्र तिच्या दुखऱ्या गुडघ्यापायी माप राहून गेलं.

आता गुडघ्याने साथ सोडली म्हणून ती गावी परतली आहे आणि पोरींना शिकवते. परवा प्राप्ती नावाची एक छोटी एकामागून एक बारा चेंडू चुकली आणि रडायला लागली. कोणी हसलं, कोणी म्हणालं, हिला नाही जमायचं. हेमालीने वर माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, तुमच्या आसपास कोणी पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर त्याला रागावण्याआधी, मला टेप लावला त्या दिवशी जे झालं ते आठवा.

"बाबा," हेमालीने हाक मारली, "टेप आना."

एका पोरीने शिडीवर चढून टेपचं टोक माझ्या कडेला धरलं. म्हातारा धर्मा वाकला, त्याने टेप जमिनीला टेकवला, डोळे बारीक करून बघितलं. मग प्राप्तीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नको बाय. दोन बोटं आमची चूक हाय."