दहाचा कुकर

टक्क. मायदेलिनने कुकरच्या झाकणावर शिट्टी बसवली आणि तेवढ्याशा आवाजाने स्वयंपाकघरातली शांतता मोडली. पाठोपाठ आतल्या खोलीतून खोकला आला, कोरडा, लांबलेला. तिने गॅस मोठा केला. कुकरमध्ये नुसतं पाणी होतं.

"आई, ती जिन्यात आली," दाराच्या फटीला डोळा लावून बसलेली लिसी म्हणाली. लिसी पाच वर्षांची होती. "अजून खालीच आहे."

"इकडे ये. दाराशी बसू नकोस."

"पण मग तुला कसं कळणार?"

गेले सहा दिवस हे असंच चाललं होतं. सिएनफुएगोस शहरातल्या त्या चार मजली इमारतीत रोज सकाळी दहाच्या सुमाराला यिसेल यायची. ती वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. साथीमुळे तिचं कॉलेज बंद होतं, म्हणून दारोदार फिरून घरात कुणाला ताप आहे का, खोकला आहे का, ते विचारायचं काम तिच्या वर्गाला दिलेलं होतं. हो म्हटलं की संध्याकाळच्या आत आजाऱ्याला विलगीकरणात न्यायला खाली बस उभी राहायची.

मायदेलिनला खोटं कधी जमलं नव्हतं. शाळेत बाईंनी गृहपाठाचं नुसतं नाव काढलं तरी, केला नसेल त्या दिवशी, तिचा हात आपोआप वर जायचा. 'हिला गुपित सांगायचं म्हणजे चौकात भोंगा लावायचा,' असं तिचा नवरा ओस्निएल म्हणायचा. तो आता हवानात अडकला होता. फोनवर त्यालाही तिने सगळे बरे आहेत असंच सांगितलं होतं.

ती आतल्या खोलीच्या दारात गेली. एनेइदा, तिची सासू, उशांना टेकून बसली होती. सहा दिवसांत तिची मान बारीक झाली होती.

"आज सांगून टाकू का?"

"सांग की," एनेइदा म्हणाली आणि दम घ्यायला थांबली. "माझ्या सपाता तेवढ्या दाराशी ठेव. ओफेलियाही घरातल्या सपातांवरच गेली होती."

ओफेलिया एनेइदाची धाकटी बहीण. मे महिन्यात बसच्या खिडकीतून तिने हात हलवला होता. नंतर आला तो फोनच.

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"ठाऊक आहे गं. तू साधी आहेस. जा, पाणी पुरेसं घातलंयस ना? नाहीतर माझ्याआधी कुकरच जायचा."

ती स्वतःच्याच विनोदावर हसली आणि हसता हसता पुन्हा खोकू लागली. मायदेलिनने दार ओढून घेतलं. तेवढ्यात कुकर फुसफुसायला लागला आणि बाहेरचं दार वाजलं.

यिसेलच्या तोंडावर दोन मास्क होते, एकावर एक. कोटाच्या कॉलरला घामाची पिवळी कड आली होती. दारापासून दोन पावलं मागे, भिंतीला टेकून ती उभी राहिली. हातातली, कागद अडकवलेली फळी तिने पोटाशी धरली होती.

"ताप, सर्दी, खोकला?" पाठ केल्यासारखं तिने विचारलं.

"नाही."

"घसा? जुलाब? वास येतो ना सगळ्यांना?"

"येतो."

आत कुकर आता गर्जत होता. यिसेलने मान थोडी वर केली. "काय शिजतंय?"

"राजमा. काळा."

बोलून गेल्यावर मायदेलिनच्या लक्षात आलं. दुकानात महिनाभर राजमा आलाच नव्हता.

"राजमा?" यिसेलच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला. "कुठे मिळाला हो, ताई? माझी आई गावभर शोधतेय."

"भावाने पाठवला. खेड्यातून."

मास्कमुळे मायदेलिनचा अर्धा चेहरा तरी झाकलेला होता. पण कान तापले होते आणि कानांना मास्क नव्हता. यिसेल क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हवा हुंगली, हळूच, दोन मास्कांमधून. राजम्याचा वास काही लपत नाही.

"सासूबाई?"

"झोपल्यात."

"आत्ता? दहा वाजता?"

"रात्रभर डास होते."

यिसेलने फळीवर काहीतरी लिहिलं. पेन चालत नव्हतं, तिने ते दोनदा झटकलं. मग नजर वर न करता, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "ताई, नुसतं पाणी फार वेळ ठेवू नका. आटून जातं, कळतही नाही. आणि कुणाला श्वास घेताना ओढ लागली ना, तर उद्या मी यायची वाट बघू नका."

मायदेलिनने चौकट धरली. सांगायचं सगळं जिभेवर आलं होतं. सहा दिवस, खोकला, रात्रीची ती घरघर. तिने तोंड उघडलं.

"ए पोरी!" वरच्या जिन्यावरून मागालिसचा आवाज आला. मागालिस इमारतीच्या समितीची प्रमुख. मास्क नाकाखाली आला की भर रस्त्यात माणसाचं नाव घेऊन ओरडायची. "तिथेच गप्पा ठोकत बसलीस का? आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. तिथूनच लिही. वर यायचं कारण नाही!"

कालपर्यंत ती यिसेलला दारात क्लोरिनच्या फडक्यावर पाय पुसायला लावत होती.

यिसेलने कठड्यावरून वर पाहिलं, मग फळीकडे. "लिहिलं," ती म्हणाली आणि तरीही वर चढू लागली. प्रत्येक पायरीवर तिचा हात कठड्यावर जड पडत होता.

मायदेलिनने दार लावलं. उद्या, ती मनाशी म्हणाली. उद्या नक्की.

ओट्यावरच्या जाळीत निळ्या काठाचा छोटा पेला पालथा घातला होता. तो मागालिसच्या वडिलांचा, म्हाताऱ्या फिलिबेर्तोचा. बारा वर्षं रोज सकाळी एनेइदा त्यात कॉफी भरून वर न्यायची. खोकला लागल्यावरही पहिले दोन दिवस तिने नेलीच. 'एकाएकी बंद केली तर विचारतील ना,' असं म्हणाली होती, आणि मायदेलिनने तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं. तिसऱ्या दिवशी मागालिसने जिन्यातून हाक मारून कॉफीचं विचारलं. त्यानंतर विचारलं नव्हतं.

मायदेलिनने गॅस बंद केला. कुकरचा आवाज हळूहळू उतरत गेला, बारीक झाला, थांबला.

फुसफुस थांबली नाही.

तिने कुकरकडे वाकून पाहिलं. शिट्टी खाली बसली होती. आवाज वरून येत होता, छताच्या पलीकडून, जोरात, एकसारखा.

लिसीही मान वर करून ऐकत होती.

"आई," ती म्हणाली, "वर कोण खोकतंय?"