तक्रारीवरचा शेरा

"लेयर आठ म्हणजे काय?" अधीक्षकांनी कागद टेबलावर आपटून तिसऱ्यांदा विचारलं.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातला टेक्निशियन खुर्चीत चुळबुळला. "आमच्यात बोलतात तसं, सर. इंटर्नल आहे."

"इंटर्नल कसलं? माणूस गेलाय इथे!"

त्या माणसाची मुलगी समोरच बसली होती, आणि तिच्या शेजारी वॉर्डाच्या सिस्टर. सत्तावीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला उरलेले चार महिने, आणि आता हे बालंट! अकरा नंबरच्या पेशंटचं पोटॅशियम जीवघेणं वाढलं होतं. लॅबने रिपोर्ट सकाळीच पाठवला, पण वॉर्डातल्या स्क्रीनवर तो उमटलाच नाही. सिस्टरनी कॉम्प्युटर विभागाला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ह्याच गृहस्थाने "कॅश उडवा, सेशन मारा" असं काहीबाही तोंडावर फेकून फोन ठेवला. चार वाजता पेशंट गेला. मग विभागाने हात वर केले, की सिस्टरनी नीट कळवलंच नाही. सिस्टर हटून बसल्या, तेव्हा कुठे तक्रारींची नोंद बाहेर आली. तिन्ही फोनपुढे एकच शेरा होता: लेयर आठ, तक्रार बंद.

"सांगा की," सिस्टर म्हणाल्या. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राचासुद्धा त्यांना राग येत होता.

"नेटवर्कचे सात थर असतात. आठवा म्हणजे... वापरणारा माणूस. मशीन ठीक आहे, समोरच्यालाच कळत नाहीये, असं. गंमत असते, मॅडम. आमची आमच्यात."

"आणि मशीन ठीक होतं?" सिस्टरनी विचारलं.

तो ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळू लागला.

"होतं का ठीक?"

"नव्हतं. सर्व्हर लटकला... म्हणजे, अख्ख्या वॉर्डाचे रिपोर्ट अडकले होते. संध्याकाळी कळलं."

"तुमच्या खोलीत चहा पिताना मला खुशाल गाढव म्हणा," सिस्टरांचा आवाज चढला. "आम्हीही ड्यूटी रूममध्ये डॉक्टरांना काय काय म्हणतो. पण पेशंटच्या कागदावर नाही लिहीत. आणि फोनवर कुणी घाबरून विचारत असेल, तर त्याला कळेल असं बोलतो!"

"झालं तर मग," अधीक्षकांनी सुटकेने पेन उचललं. "सिस्टरांची चूक नाही. तसं लिहितो."

सिस्टरांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात मुलगी पहिल्यांदाच बोलली.

"लॅब किती लांब आहे, सिस्टर?"

"एक जिना खाली."

"मग गेला का नाहीत?"

उत्तर सिस्टरांच्या जिभेवर होतं. बत्तीस पेशंट होते आणि नर्स दोघीच. एकाला रक्ताची उलटी झाली होती, दुसरा पलंगावरून पडला होता. ह्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. अधीक्षक डोळ्यांनी खुणावत होते, की गप्प बसा.

"जायला हवं होतं," सिस्टर म्हणाल्या. "मी गेले नाही."

अधीक्षकांचं पेन थांबलं. "विचार करा, सिस्टर. हे कागदावर आलं तर प्रकरण तुमच्यावर शेकेल."

"शेकू दे. मी बोलले तस्संच लिहा."

टेक्निशियनने मान खाली घातली. मुलीच्या चेहऱ्यावरचा राग तसूभरही उतरला नव्हता. सिस्टरनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सहीसाठी हात पुढे केला.