बर्फाचा कप्पा

इंदिराबाईंनी खोका कानाशी धरून हलवून पाहिला. आत काचेचं काहीतरी टकटकलं. औषधच असेल तर त्याला एवढी चिकटपट्टी कशाला, असं त्यांना वाटलं.

खोका रत्नाचा. ती आणि तिचा नवरा अभिमन साक्रीकडून सावद्याला केळीच्या कामावर आलेले, इंदिराबाईंच्या मळ्यातल्या खोलीत राहत. खोलीत फ्रिज नाही, म्हणून आठ दिवसांपूर्वी रत्नाने तो आणून दिला होता.

"अक्का, रगत थांबाडानं औषध शे. खालना कप्पामा ठेवा. बरफमा नको, वाया जाई."

"त्याले झालं काय पण?"

"जलमपासून शे. रगत थांबत नही, गुडघामा भरी जास. त्याना मामा तसाच गया, दाढ काढी तवय."

इंदिराबाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. दाढ काढून कोणी मरतं का? केळी कापणाऱ्या टोळीत असून अभिमन कोयत्याला हात लावत नसे, नुसते घड धुवायचा. एक दिवस धडधाकट, दुसऱ्या दिवशी ताप ना खोकला आणि पडून. सुईची नशा करणारी पोरं त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. त्यात मागच्या वर्षीचे मजूर जाताना मोटारीची केबल कापून घेऊन गेले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इंदिराबाई तेव्हापासून पाणीही फुंकून पीत.

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरांच्या ताटातला आमरस दुपारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचा, आणि शेजारी हे रक्ताचं! नशा असो की औषध, पितरांच्या घासाजवळ ते नको. त्यांनी खोका वरच्या बर्फाच्या कप्प्यात सारला आणि हात धुतले. थंडीने केळी काळी पडतात हे सावद्यातलं शेंबडं पोरही सांगेल, पण त्या वेळी त्यांना ते आठवलं नाही.

दुपारी त्यांचे यजमान रतिलालभाऊ पितरांना घास द्यायला बसतच होते, तोच रत्ना धापा टाकत ओट्यावर आली. अभिमन हौदाजवळ घसरून पडला होता. गुडघा तांब्याएवढा झाला होता.

"अक्का, खोका द्या. डॉक्टरले फोन करेल शे, तो टोची देई."

इंदिराबाईंनी कप्पा उघडला. खोक्यावर पांढरं हिम धरलं होतं. त्यांनी ते पदराने घाईघाईने पुसलं आणि खोका रत्नाच्या हातात दिला. रत्नाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तुमना घरमा व्हतं, म्हनीसन माले काळजी नव्हती," असं म्हणत ती पळाली.

इंदिराबाईंचा तळवा अजून गार होता. गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली. रत्ना फाटकापर्यंत पोहोचली होती.

"रत्ना, थांब! ते टोचू नोको त्याले. मी बर्फात ठेवलं होतं."

रत्ना वळली.

"अहो, गाडी काढा," इंदिराबाई आत ओरडल्या. "जळगावले दवाखान्यात दुसरं भेटीन."

रतिलालभाऊ ताटासमोरून उठले नाहीत. "अन् घास?"

"पितर थांबतीन. त्याचं रक्त नाही थांबत."

गाडीत अभिमन मागच्या सीटवर पाय लांब करून दात दाबून बसला. त्याच कप्प्यातला बर्फ इंदिराबाईंनी फडक्यात बांधून आणला होता. पुढच्या सीटवरून वळून त्या तो गुडघ्यावर ठेवायला गेल्या, तर रत्नाने पुरचुंडी त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः ठेवली. खोका तिच्या मांडीवर होता.

"दे इकडे, मी धरते तो," इंदिराबाई म्हणाल्या.

"नही अक्का. राहू द्या."

रत्नाने खोका उचलून खिडकीच्या बाजूला ठेवला.